ग्यानबा पेंटरचा वळसा

ग्यानबाकाका संध्याकाळी फिरायला निघाले की हात पाठीमागे बांधून आणि मान वर करून चालायचे. रस्त्याकडे त्यांचं लक्ष नसायचंच, सगळं लक्ष भिंतींकडे. नवी रंगवलेली भिंत दिसली की जवळ जाऊन बोटाच्या पेरानं टकटक करायचे, तळवा टेकवायचे आणि तिथंच निकाल द्यायचे. जुन्या धाराशिवातली एकही गल्ली त्यांनी सोडली नव्हती. पुढं पुढं मात्र परत येताना शिंप्याच्या दुकानापाशी आले की समोरची सरळ, फरशीची गल्ली टाकून ते नाल्याच्या बोळात वळायचे. त्या बोळात बारा महिने चिखल. घरी पोचेपर्यंत चपला माखलेल्या असायच्या आणि त्यांची बायको, आमची मथुराकाकू, दारातच तोंड सोडायची, "आले का म्हशीवानी चिखल तुडवत!"

हा वळसा कशासाठी, हे काकूला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि हळूहळू सगळ्या आळीला ठाऊक झालं होतं. त्या सरळ गल्लीतल्या एका घराच्या दारावर माझं नाव लिहिलेलं होतं. ज्या घरात मी सून म्हणून कधी गेलेच नाही, त्या घराच्या दारावर. आणि ते काकांनीच लिहिलं होतं.

काका आमच्या शेजारचे, मूळचे माकणीचे. भावांनी शेत धरलं, यांनी ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची बाराखडी, तालमीतला मारुती, निवडणुकीची चिन्हं, काय म्हणाल ते रंगवायचे आणि खाली कोपऱ्यात 'ग्यानबा आर्ट' अशी ऐटबाज सही ठोकायचे. कधी कधी सही चित्राहून मोठी व्हायची. मी चिडवायचे, "काका, मारुती लहान झाला आणि तुम्ही मोठे झालात." त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "पोरी, चितार चांगलं निघू दे न्हायतर वाईट, जिम्मेदारी कुणाची ते नको का कळाया लोकांला?" म्हणायचे. दुसऱ्या पेंटरचं काम मात्र त्यांना सहन व्हायचं नाही. नगरपालिकेनं स्वच्छतेच्या घोषणांबरोबर भिंतीवर वाघ काढून घेतला होता. काका रोज त्याच्यापुढं थांबायचे आणि रोज नव्यानं विचारायचे, "ह्यो वाघ हाय का उपाशी मांजर?"

कॉलेजात असल्यापासून मी त्यांच्याबरोबर फिरायला जायचे. भिंती बघायला मी नाखूश असायचे, खरी ओढ गाण्याबजावण्याची. बँडच्या दुकानापुढं दोरीवर लाल कोट वाळत असायचे आणि आत कुणीतरी एकच ओळ क्लॅरिनेटवर पुन्हा पुन्हा घासत बसलेलं असायचं. पुढच्या चौकात हलगीवाले कागद पेटवून हलग्या शेकत असायचे. दर्ग्याच्या बाजूला उरूस जवळ आला की कव्वालीची पेटी ऐकू यायची, नवरात्रात आराधी बायकांचे मेळे. काका मला प्रत्येक ठिकाणी थांबवायचे. "घाई करू नगं. कातडं तापू दे. गार हलगी वाजिवली तर रडल्यावानी वाजती," असं सांगून तिथंच पायरीवर बसायचे. मीही बसायचे, मान डोलवायचे, कधी टाळ्यांचा ठेका धरायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मग माझं लग्न जमलं. मुलगा गावातलाच, त्याच फरशीच्या गल्लीतला. आमच्याकडे लग्नघराची भिंत रंगवतात. दाराच्या एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला भालदार, वर गणपती आणि त्याखाली नवरा-नवरीची नावं. आमच्या आळीत याची एक रीत आहे. नवऱ्याचं नाव आधी लिहिलं तरी चालतं, पण नवरीचं नाव लिहायचं ते नवऱ्याची उष्टी हळद नवरीच्या दारात पोचल्यावरच. शेवटचं अक्षर पुरं झालं की दारात हलगी वाजते. आणि एकदा लिहिलेलं नवरीचं नाव कुणी खरवडत नाही, तो मोठा अपशकुन. ते उन्हापावसात आपलं आपण उतरतं, नाहीतर घरात पुढचं लग्न निघालं की त्यावर नवा चुना बसतो.

काकांनी जन्मभर ही रीत पाळली आणि नेमकी माझ्या वेळी मोडली. मी शेजारची, डोळ्यांदेखत वाढलेली. उत्साहाच्या भरात सुपारी फुटल्याबरोबर ते डबे घेऊन त्या घरी पोचले आणि हळदीची वाट न बघता माझं नाव लिहून बसले. तेही साध्या चुन्यातल्या रंगानं नाही. माझा आहेर म्हणून त्यांनी स्वतः ऑइल पेंट आणला होता. संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले, "वहिनी, बाकीच्यांची नावं दोन पावसाळ्यात जात्यात. वैशालीचं नाव तिची नातवंडं वाचतील बगा."

लग्न मोडलं. मुलाच्या आईच्या कानावर कुणीतरी घातलं की मुलगी पेंटरबरोबर गल्लोगल्ली हिंडते, बँडवाल्यांच्या दुकानापुढं बसून टाळ्या वाजवते. निरोप आला तो एवढाच, "असली उंडारणारी पोरगी आमच्या घरात नको." वडिलांनी निरोप ऐकला आणि दार लावून घेतलं. आईनं मला जवळ घेतलं, पण रडताना तीही म्हणालीच, "कशाला गं बसायचीस तिथं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय केलं होतं? गाणं ऐकलं होतं. तरी लाज माझ्याच पदरात पडली. लाजेला कारण विचारायची सोय नसते, आली की ती आपली म्हणून घरात घ्यावी लागते.

त्याहून वाईट पुढं होतं. मी तेव्हा एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. वर्ष उलटलं नाही तोच त्याच मुलाच्या लग्नाच्या फ्लेक्सची ऑर्डर आमच्याकडे आली. त्यांनी माझ्या नावावर चुना मारून बघितला होता, पण ऑइल पेंटवर चुना धरतो कुठं! पापुद्रे सुटून पुन्हा 'चि. सौ. कां. वैशाली' वर आली. खरवडायला कुणाचा हात धजेना. म्हणून त्यांनी ते फ्लेक्सखाली झाकायचं ठरवलं. मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. मी मान खाली घालून टाइप केलं, 'चि. सौ. कां. शुभांगी', आणि तिच्या फोटोभोवती फुलांची चौकट लावली. लग्नानंतरच्या पहिल्याच वावटळीत फ्लेक्स फाटला आणि खालून मी पुन्हा दिसायला लागले.

त्या काळात मी कामावर जाण्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते. काकाही आमच्याकडे यायचे बंद झाले. अंगणात दिसले तर पाठ वळवून डबे धुवायला लागायचे. एका संध्याकाळी मात्र आमच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. जमिनीकडे बघत म्हणाले, "म्या तोंड दाखवायच्या लायकीचा न्हाय. हिंडवलं बी म्याच आन् लिव्हलं बी म्याच. पर तू कोंडून घिऊ नगंस. चल."

"काका, लोक बघतील," मी म्हणाले.

"बगू द्या की. बगायचं ते बगून झालंय त्यांचं."

मी गेले. सुरुवातीला पदरानं तोंड झाकल्यासारखी त्यांच्या मागून चालत राहिले. मग सवय झाली. बँडवाल्यांनी पूर्वीसारखीच पायरी रिकामी करून दिली. पण काकांची ऐट गेली होती. भिंतींवर टकटक करायचे, निकाल देत नव्हते. नगरपालिकेच्या वाघापुढूनही गुपचूप जायचे. आणि शिंप्याच्या दुकानापाशी आले की नाल्याच्या बोळात वळायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, तुम्हीच का नाही ते पुसून टाकत?" ते चिखलात थांबले. "नवरीचं नाव खरवडलं तर तिच्या जिवाला लागतं म्हंत्यात. खरं का खोटं द्येवाला ठावं. तुजं वाईट एकदा केलं चुकून, आता जाणून कसं करू?" असं म्हणाले आणि चिखल तुडवत पुढं निघाले. माझ्या भल्यासाठी लिहिलं आणि माझ्या भल्यासाठीच पुसत नव्हते. मध्ये माझी अब्रू पावसात भिजत उभी होती.

अशी वर्षं गेली. माझं पुढं लग्न झालं नाही, त्याला पुष्कळ कारणं झाली. मी स्वतःचं फ्लेक्सचं छोटं दुकान टाकलं. काका तिथं येऊन नाक मुरडायचे, "ह्याला रंगाचा वास बी न्हाय आन् ब्रशचा आवाज बी न्हाय." गेल्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले. तरी थोडं बरं वाटताच एका दुपारी म्हणाले, "वैशे, हिंडून येऊ." बगलेतल्या पिशवीत काय आहे, ते मी विचारलं नाही.

शिंप्याच्या दुकानापाशी आलो. मी सवयीनं बोळाकडे वळले. काका वळले नाहीत. पाय ओढत सरळ फरशीच्या गल्लीत शिरले. त्यांना एकटं कसं सोडणार? मी मागोमाग गेले. त्या दारापुढं आम्ही दोघं उभे राहिलो. हत्तीची सोंड उडाली होती, भालदाराचं तोंड नाहीसं झालं होतं. माझं नाव मात्र काल लिहिल्यासारखं लखलखत होतं.

आतून एक बाई धुणं घेऊन बाहेर आली. फोटोवरून मी तिला ओळखलं. शुभांगी, जळकोटची लेक. तिनंही मला ओळखलं. मला वाटलं, आता ही आरडाओरडा करणार. ती बादली खाली ठेवून म्हणाली, "फ्लेक्स तुमीच केलता न्हवं? फुलं लई चांगली लावली हुती."

काकांनी डावा हात कपाळाला लावला. "माय, लई उशीर केला म्या. तुमची परवानगी असंल तर ह्ये पुसतो."

शुभांगीनं पदराला हात पुसले आणि वर नावाकडे बघितलं. मग म्हणाली, "सासूबाई हुत्या तवर बोलता आलं न्हाय. लग्न होऊन आले त्या दिवसापसनं ह्या नावाखालनं आत जाते मी. माज्या लेकरानं वाचायला शिकल्यावर पयलं ह्ये वाचलं, आन् मला इचारलं, आई, वैशाली कोन?"

इतकी वर्षं मी समजत होते की त्या भिंतीची लाज माझी एकटीची आहे. मी निदान वळसा घेऊन जाऊ शकत होते. तिला रोज तिथूनच आत-बाहेर करावं लागत होतं, पाणी आणायला आणि पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला. हे मला कधी सुचलंही नव्हतं. तिच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

काकांनी पिशवीतून टर्पेंटाइनची बाटली आणि लोखंडी पत्ती काढली. लिहिणाऱ्या हातानंच पुसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तो हात तर उचलत नव्हता. शुभांगीनं आतून स्टूल आणून धरलं, मी काकांना चढवलं आणि त्यांच्या लुळ्या बोटांभोवती माझी मूठ आवळून पत्ती भिंतीला लावली. "लागायचं ते मला लागू दे रं बाबा," असं ते कुणाला तरी पुटपुटले. गल्लीतली दारं एकेक उघडत होती. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आम्ही खरवडत राहिलो. रंगाचे कपटे काकांच्या मिशीवर पडत होते. नाव गेल्यावर मी त्यांचा हात खाली कोपऱ्यातल्या 'ग्यानबा आर्ट'कडे नेला, तर त्यांनी हात आखडून घेतला.

"ती राहू दे. जिम्मेदारी माजी हाय."

उतरल्यावर ते शुभांगीला म्हणाले, "हात चालत असता तर तुमचं नाव घातलं असतं, माय."

"नगं काका," ती म्हणाली, "भिंत कोरीच बरी."

त्यानंतर महिनाभरातच काका गेले. अंत्ययात्रेला चौकातले हलगीवाले न बोलावता आले. त्यांनी हलग्या नीट शेकून आणल्या होत्या, पण बायकांमधली कुजबूज त्या आवाजातूनही माझ्या कानावर येत होती. "नवरीचं नाव खरवडलं, दुसरं काय हुनार." "तिनंच हात धरला हुता म्हनं." मला या असल्या गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. तरी त्या दिवशी काकांच्या दारात मी गेले नाही. मी आमच्याच अंगणात खांबाला धरून उभी राहिले.

मथुराकाकूनं मला आतून बघितलं असावं. माणसं पांगल्यावर तिनं हाक मारली. मी जाऊन तिच्यापुढं बसले आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागले. "काकू, माझ्यामुळं..." एवढंच म्हणता आलं.

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. कोपऱ्यात काकांच्या चपला होत्या, तिकडं ती बघत होती.

"त्या दिशी ह्ये तुज्यासंगं हिंडून आले आन् दारात चपला काढल्या," ती म्हणाली. "म्या ओरडायला तोंड उघडलं, बघते तर चपला कोरड्या!"