आधी पोचायचे ते आईचे पाय

गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी आमची तीनचाकी सायकल हॅक्सॉनं मधोमध कापली.

टेम्पो समाजमंदिरापाशी उभा होता. कपाट चढलं, पेट्या चढल्या, टँकरच्या रांगेत आपटून आपटून पोचे पडलेला ड्रमही चढला. उरली ती तीनचाकी. ती हौद्यात काही केल्या मावेना. तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली. बाबा साखर कारखान्यातले फिटर, सुताएवढा फरक चालवून न घेणारे. पण ही गाडी बांधताना त्यांनी मधे जोडच ठेवला नव्हता. सगळा सांगाडा एकसलग वेल्डिंगचा. "हिला कुटं न्यायची हाय?" असं तेव्हा म्हणाले होते. गाव सोडावं लागेल हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

टेम्पोवाला कंटाळून म्हणाला, "फिटर, भंगारात घाला की आता." बाबांनी हॅक्सॉ काढली आणि खाली मांडी घालून बसले. सामान बांधताना आई रडली नव्हती, शेजारणींच्या गळ्यात पडतानाही नाही. पाईप कापायचा तो आवाज सुरू झाला तेव्हा मात्र तिनं पदर तोंडाला लावला.

दिंद्रुडच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं राहिलेल्या तुम्हा लोकांना ही गाडी चांगलीच आठवत असेल, निम्मं गाव तिच्यामागं पळालेलं आहे. जे आमच्याही आधी बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगते. पुढं दोन चाकं, मागं एक. हिच्यात बसायचं नाही, रेलायचं. आरामखुर्चीत रेलतात तसं, पाय समोर लांब करून. सीटा दोन, एकामागं एक, बाजेच्या नवारीनं विणलेल्या. पुढच्या सीटवर आई, मागच्या जरा उंच सीटवर बाबा. हँडल बाबांच्या हातात, पायडल दोघांच्याही पायात, आणि चेन दोघांची मिळून एकच. सगळ्यात मागं कॅरिअरवर, मागं तोंड करून, मी. त्यामुळं आमची गाडी पुढं गेल्यावर लोकांचे चेहरे कसे व्हायचे ते आमच्या घरात फक्त मला माहीत होतं.

ही कल्पना काही बाबांची नव्हे. कारखाना चालू होता तेव्हा एकदा एक गोरं जोडपं अशाच गाडीवरून जग फिरत आमच्या रस्त्याला लागलं होतं. त्यांची वेल्डिंग तुटली, कुणीतरी त्यांना वर्कशॉपचा रस्ता दाखवला. बाबांनी पाईप जोडून दिला, चहा पाजला आणि ते निघायच्या आत खडूनं फरशीवर त्या गाडीचा आख्खा आकार काढून घेतला. का काढला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण पुढं कितीतरी दिवस ते त्या कोपऱ्यात कुणाला झाडू मारू देत नव्हते म्हणे.

मग दुष्काळ पडला. शिवारात होता नव्हता तो ऊस जनावरांच्या छावणीला गेला आणि कारखान्याचा हंगाम लागलाच नाही. भोंगा नाही, चिमणीला धूर नाही, आणि मळीचा तो वास, ज्याला आम्ही जन्मभर नाकं मुरडली, तोही नाही. बाबा त्याला 'आपला कारखाना' म्हणायचे. सहकारी होता ना! शेअर बागायतदारांचे आणि स्पॅनर बाबांच्या हातातला, तरी आपला. वर्कशॉपला कुलूप लागल्यावरही ते रोज सकाळी खाकी शर्ट घालून दारात बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

त्याच उन्हाळ्यात आई ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे घेऊन येताना घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाय हलता ठेवा पण त्याच्यावर भार देऊ नका. आई घरी येऊन बाबांना म्हणाली, "हे कसं जमायचं वो? पाय काय पाळण्यात घालून हलवू?" दुसऱ्या दिवशी बाबा वॉचमनला विनवून वर्कशॉपमध्ये गेले आणि खडूच्या रेघांपाशी बसले. तीन आठवड्यांनी गाडी दारात उभी होती.

पहिल्यांदा बसल्यावर आई लाजून लाल झाली. बाईमाणसानं भर रस्त्यात असं पाय पसरून रेलायचं! पण तिचा पाय फिरायला लागला. दुखत नव्हता. वस्तीतून मैदानापर्यंत आम्ही तिघं गेलो, आणि आई मोठ्यांदा हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती.

अडचण पुढं होती. दिंद्रुडच्या दवाखान्यात दर आठवड्याला जायचं, आणि गावाबाहेर पडायची गाडीची वाट एकच, दादासाहेबांच्या ओट्यासमोरून. हे म्हणजे गावातले मोठे जमीनदार आणि कारखान्याचे संचालक. आमच्या आजीच्या काळी आमच्या लोकांनी त्या ओट्यासमोरून जाताना चपला हातात घ्यायच्या, असा दंडक होता. धम्म घेतला त्यानंतर तो हळूहळू गेला. बाबा तर छाती काढून जायचे. आईला कुणी कधी काही बोललं असंही नाही. पण ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला ओढ्याची वाट दाखवली, आणि तीच वाट ती चालत राहिली. ओढ्याच्या वाळूतून तीनचाकी जाईना. आता ओटा टळणार नव्हता. आणि या गाडीत सगळ्यात पुढं काय, तर आईचे पाय. आम्ही कुठंही गेलो तरी आधी पोचायचे ते आईचे पाय, तळवे समोर करून.

त्या दिवशी ओटा दिसला आणि आईनं पायडलवरून दोन्ही पाय काढून पोटाशी घेतले. चेन एक असली की एकानं पाय काढले की दुसऱ्यावर दोघांचं ओझं येतं, त्यात कॅरिअरवर मी. गाडी मंदावली. जिथून सगळ्यात लवकर सटकायचं तिथंच आम्ही सगळ्यात सावकाश चाललो. बाबा दातओठ खात पुटपुटले, "पाय लाव, कौसा. पाय लाव." आईनं मान खाली घातली. दादासाहेब ओट्यावर तंबाखू मळत होते. हसून म्हणाले, "काय बे फिटर, बायकोला पालखीत फिरवतोस का?"

"जी," बाबा म्हणाले.

ओटा मागं पडला तसे आईचे पाय खाली आले. दवाखान्यातून परत आल्यावर बाबा एकदम भडकले. "आता कोण चपला घ्यायला लावतं का? पाय उचलतीस कावून?"

आई म्हणाली, "म्या न्हाई उचलत. त्येच उचलतेत."

हे दर आठवड्याला झालं. गाडीत काही बिघाड नव्हता, रस्ता सपाट होता, आणि तेवढ्या वीस पावलांत बाबांना घाम फुटायचा. गाव सोडलं तेव्हाही टेम्पो ओट्यासमोरून गेला, आणि मी पाहिलं, केबिनमध्ये बसलेल्या आईनं पाय आत ओढून घेतले होते.

भोसरीत बाबांना एका लहानशा कारखान्यात काम मिळालं. पहिल्या रविवारी त्यांनी कापलेल्या टोकांना दोन जाड चकत्या वेल्डिंग केल्या आणि चार नटबोल्टांनी गाडी जोडली. "आता कुटं बी नेता येईल," म्हणाले. तो जोड शेवटपर्यंत थोडा कुरकुरत राहिला. आई पहाटे उठून कामगारांचे डबे करायची आणि दोघं ते गाडीवरून पोचवायची. टेम्पोवाले हॉर्न मारायचे, सिग्नलला लोक मोबाईल काढायचे. आईच्या भेगाळलेल्या टाचा सगळ्या भोसरीनं पाहिल्या, आणि तिनं तिथं पाय एकदाही उचलले नाहीत. कुणाचा ओटा कुठला, हे तिला तिथं माहीतच नव्हतं.

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीच्या पाटीवर इथंही 'सहकारी' लिहिलेलं आहे; या सहकारात आमची तक्रार एवढीच, की पार्किंगमध्ये तीनचाकीला जागा द्यायची का यावर दोन मीटिंगा झाल्या. जागा मिळाली. बाबा गेल्यापासून मागच्या सीटवर मी बसते. नवऱ्याला हँडल जमत नाही आणि आईला तो मागं बसलेला चालत नाही.

गेल्या वर्षी चुलत भावाच्या लग्नाला गावी जायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "गाडी घ्यू." चार बोल्ट काढले, दोन तुकडे कारच्या कॅरिअरवर बांधले, चाकं डिकीत. बीडच्या अलीकडं चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं विचारलं, "ताई, कंचं अवजार म्हनायचं हे?" आई म्हणाली, "नांगर हाय." आणि दात दाखवून हसली. पण गाव जवळ आलं तशी तिची बडबड थांबली.

लग्न झाल्यावर दुपारी समाजमंदिरापाशी मी गाडी जोडली. आई पुढं रेलली. "वेशीपतूर जाऊन यू," म्हणाली. मला कळलं, ती कशासाठी आली होती.

ओटा दिसला आणि माझं पायडल जड झालं. इतकं जड, की बाबा दर आठवड्याला काय ओढत होते ते मला तेव्हा मांड्यांत कळलं. मी म्हटलं, "आई, पाय लाव." आईचे पाय पोटाशी. गाडी मंदावत मंदावत बरोबर ओट्यासमोर थांबली.

ओट्यावर दादासाहेबच होते, थकलेले. प्लॅस्टिकच्या एका खुर्चीत ते, समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर त्यांचे पाय. सुजून टरारलेले, तळवे सरळ रस्त्याकडं. आईकडं.

"फिटरच्या घरचे का?"

"व्हय," आई म्हणाली.

त्यांनी पाय खाली घ्यायला पाहिलं. एक जरासा हलला, दुसरा हललाच नाही. मग ते ओशाळून म्हणाले, "डाक्टरनं पाय खाली सोडू न्हाई सांगितलंय. राग मानू नका, बाई."

आई त्यांच्या तळव्यांकडं बघत राहिली. तिथंही भेगाच होत्या. मग तिनं एक पाय उचलून पायडलवर ठेवला, त्यानंतर दुसरा.

"असू द्या," ती म्हणाली. "आमचे बी वरच हायेत."

तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, इथलं की तिथलं. आई जिथं पाय उचलत नाही ते घर, असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होते. म्हणून भोसरी घर होती आणि गाव नव्हतं. त्या दुपारी आम्ही वेशीपर्यंत गेलो आणि त्याच वाटेनं, ओट्यासमोरूनच परत आलो. पायडल एकदाही जड झालं नाही.