शाळेपुरतं तमिळ

आमच्या शेजारचे काका तमिळनाडूतलं सोनं गाळायचं दुकान मुलाच्या हाती सोपवून विट्याला परत आले. रोज सकाळी ओट्यावर बसून ते तिकडच्या नातवाशी फोनवर बोलतात. फोन इतका वर धरतात, की पलीकडे त्यांची नुसती टोपी दिसत असावी. आवाज मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, आणि दर वाक्याच्या शेवटी 'व्हय का न्हाई?' असतंच.

नातू विट्यातच शाळेला येणार, आपण त्याला हाताला धरून नेणार, असं ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते. मग उन्हाळ्यात मुलाचा फोन आला. पोराचं नाव तिकडच्याच शाळेत घातलं होतं. त्यानंतर बरेच दिवस काकांनी फोनला हात लावला नाही.

एका सकाळी त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला, पण तमिळमध्ये. नातवाकडून ते तीच तीच वाक्यं घोकून घेत होते. मधला 'व्हय का न्हाई?' तेवढा मराठी.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काका, काय शिकवताय त्याला?"

"पानी पायजे, शू लागलीया, आईला बोलवा," ते म्हणाले. "घरात समदी मराठीच बोलत्यात. शाळंतल्या बाईंना त्याचं कळाया नको?"

"आणि तिकडं राहून मराठी विसरला तर?"

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"इसरू दे," ते म्हणाले. "मला येतंय की तमिळ. निस्तं त्यानं हिकडं यायला पायजे."