तळ्याकाठच्या टीव्हीच्या दुकानाविरुद्ध

पर्यटकांसाठी बांधलेल्या बाजारात टीव्हीचे दुकान असावे काय, या प्रश्नावर मी एके काळी इतकी पत्रे लिहिली की पर्यटन खात्याच्या आवक शाखेत माझे अक्षर लिफाफा न फोडताच ओळखले जात असे. माझे उत्तर ‘नसावे’ असे होते. निव्वळ अटींच्या शब्दांपुरते बोलायचे, तर ते आजही तेच आहे.

नोकरीची सगळी वर्षे मी केंद्र सरकारसाठी कायद्याचे मसुदे करण्यात घालवली आणि दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. तिथे वरच्या मजल्यावर एक नागपूरचे कुटुंब होते, जिन्याच्या पलीकडे एक साताऱ्याचे. भाजी निवडता निवडता माझी पत्नी या दोन्ही घरांशी एकाच वेळी बोलत असे. निवृत्तीनंतर आम्ही गुडगावच्या पुढे, बिल्डरने नव्याने आखलेल्या वसाहतीत घर घेतले. माहितीपत्रकात क्लब होता, शाळा होती, कारंजे होते. प्रत्यक्षात मोहरीच्या शेतांमधून मारलेले सरळ रस्ते होते, आणि दिवसाआड पाण्याचा टँकर. मी बिल्डरला इंग्रजीत पत्रे लिहीत बसे. पत्नी दूधवाल्याशी आणि चौकीदाराशी हिंदीत बोले. रात्री ती म्हणे, “पानं घेतलीत.” मी म्हणे, “आलो.” त्या घरात दिवसभरात एवढेच मराठी बोलले जाई.

वसाहतीपासून थोड्या अंतरावर राज्य सरकारचे एक पर्यटनस्थळ होते. तळे, नावा, उपाहारगृह, आणि वऱ्हांड्याला लागून दुकानांची ओळ. हस्तकला, वेताची स्टुले, आइस्क्रीम, कॅमेऱ्याचा रोल. ही दुकाने ज्या अटींवर दिली गेली होती त्यांची प्रत मी रीतसर मागवून घेतली होती, आणि तिच्यात ‘केवळ पर्यटकांच्या उपयोगाच्या वस्तू’ असे स्वच्छ लिहिलेले होते. अशा ओळीत एका करोल बागच्या तरुण सरदारजीने रंगीत टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि वॉशिंग मशीन मांडले. तळे बघायला आलेला कोणता पर्यटक परतताना वॉशिंग मशीन नेतो? मी खात्याला पहिले पत्र लिहिले. उत्तर आले नाही. स्मरणपत्र लिहिले. मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र, आणि त्याची प्रत सचिवांना. देशात तेव्हा सगळेच खुले झाले होते म्हणे. पण लिहिलेली अटही खुली झाली, असे मला कोणी लेखी कळवले नव्हते.

टपालपेटी त्या पर्यटनस्थळाच्याच फाटकाशी होती. पत्नी संध्याकाळी फिरायला जाताना माझी पत्रे टाकून येई. येताना तिला उशीर होऊ लागला, तेव्हा मी समजलो की तळ्यातली बदके बघत बसत असेल.

त्याच सुमारास ती जेवताना बोलू लागली. प्रथम एखादे वाक्य, मग ताट वाळेपर्यंत.

“धाकटीचं फार वाईट झालं हो,” एक दिवस ती म्हणाली.

“कोण धाकटी?”

“आहे एक. नवरा गेला बिचारीचा. थोरल्या दिराने बँकेचे कागद म्हणून सह्या घेतल्या, आणि आता म्हणतो घर माझं.”

मी हातातला घास खाली ठेवला. वसाहतीत एखादे मराठी कुटुंब आले असावे आणि तळ्याकाठी हिची ओळख झाली असावी, असा मी अर्थ लावला. “सह्या स्टँपपेपरवर घेतल्या की कोऱ्या कागदावर?”

“ते नाही दिसलं.”

“दिसलं नाही म्हणजे? तिला विचार.”

“विचारते,” ती म्हणाली, आणि मला आणखी एक पोळी वाढली.

पुढे रोज रात्री प्रकरण पुढे सरकत गेले. थोरल्याने कुलूप बदलले. मोठी जाऊ गप्प राहिली. घरातल्या जुन्या नोकराने सह्या होताना पाहिले होते, पण तो बोलेना. मी रोज सल्ला देत होतो आणि रोज ऐकत होतो की धाकटी तो सल्ला अमलात आणत नाही. अखेर माझा संताप अनावर झाला. एक दिवस दुपारी बसून मी थोरल्याला द्यायच्या नोटिशीचा मसुदा केला. ‘आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, कै. पतीच्या निधनाचे दुःख ताजे असता विश्वासाचा गैरफायदा घेऊन घेतलेली संमती ही संमतीच नव्हे’ येथपासून सुरुवात होती. नोटीस मराठीतून लिहिली, कारण पक्षकार मराठी होते. कित्येक वर्षांत मी मराठीत काही लिहिले नव्हते. ‘कपटाने’ लिहावे की ‘फसवणुकीने’, हे मी पत्नीला स्वयंपाकघरात जाऊन विचारले. ती म्हणाली, “कपटाने. जास्त लागेल त्याला.”

“आणि नावे?”

“जागा सोडा. भरेल ती.”

खात्याच्या नावचे एक स्मरणपत्रही त्याच दिवशी तयार झाले होते. दोन्ही घेऊन ती फिरायला गेली.

या स्मरणपत्राला मात्र उत्तर आले. रविवारी दुपारी, गर्दीच्या वेळी, अधिकारी स्थळपाहणी करतील. दुकानाचा पर्यटकांशी संबंध नसल्याचे आढळल्यास दुकान काढून घेतले जाईल. तक्रारदाराने उपस्थित राहावे. मी ते पत्नीला वाचून दाखवले. ती कणीक मळत होती. “बरं,” म्हणाली, आणि मळत राहिली.

रविवारी ती माझ्या आधीच निघून गेली होती. मी कागदांची फाइल घेऊन पोचलो, तर दुकानापुढचा वऱ्हांडा भरलेला. जवळच्या लष्करी छावणीतल्या जवानांच्या बायका, पोरे मांडीवर घेऊन, सतरंज्या अंथरून बसलेल्या. मध्यभागी एकच खुर्ची, आणि तिच्यावर माझी पत्नी. काचेआडच्या सगळ्या टीव्हींवर एकच चित्र चालू होते, आणि बोलणे मराठीत होते.

सरदारजी पुढे आला. “आइए बाबूजी. माताजी ने बताया था आप आएँगे.”

“तक्रार कोणी केली आहे, हे आपल्याला ठाऊक आहे ना?” मी हिंदीत विचारले.

“नोटिस के साथ कॉपी आई थी जी. अंग्रेज़ी बहुत बढ़िया है आपकी. माताजी को दिखाई तो बोलीं, घर पर मराठी में इससे भी अच्छा लिखते हैं.”

एका बाईने, कोल्हापूरकडची असावी, मान वळवून मला न्याहाळले. “काकू, ह्येच का काका? धाकटीची नोटीस लिवणारे?”

“हेच,” पत्नी म्हणाली.

“लई भारी लिवलंय हां काका. काकूंनी वाचून दावली मागच्या रविवारी. थोरल्याला घाम फुटंल.”

“त्या बाई आल्या आहेत का आज?” मी विचारले. “नोटीस पाठवली का त्यांनी?”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणीतरी तोंडाला पदर लावला. त्या बाईने बोट दाखवले, “ती काय.”

काचेआड लहान पडद्यावर, मोठ्या पडद्यावर, वरच्या फळीवर आणि खालच्या फळीवर एकच पांढऱ्या साडीतली तरुण स्त्री बंद दारापुढे उभी राहून रडत होती. आवाज मात्र एकाच टीव्हीचा चालू होता.

इतक्यात अधिकारी आला. मध्यमवयीन, घामाघूम, रविवार गेल्याने वैतागलेला. त्याने बायकांवरून नजर फिरवली. “ये सब क्या है?”

सरदारजीने सांगितले की गच्चीवर उपग्रह वाहिन्यांची मोठी छत्री बसवली आहे. रविवारी फौजी कुटुंबे ट्रकने तळ्यावर येतात. एकदा वाहिन्या बदलताना मराठी लागले आणि या बायका जागच्या हलेनात. आठवड्याचे सगळे भाग रविवारी सलग लागतात. माताजी तर रोज येतात. “झील दस मिनट की है साहब,” तो म्हणाला, “संडे पूरे दिन का.”

“बेचते तो वॉशिंग मशीन हो,” अधिकारी म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. “सर, आपकी कंप्लेंट सही है. टूरिस्ट के काम की चीज़ नहीं है. आप साइन कर दीजिए, आज ही रिपोर्ट भेज दूँगा.”

मी पत्नीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती पडद्याकडे बघत होती, पण शेजारच्या बाईचे लहान मूल तिच्या मांडीवर आले होते आणि त्याच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात थांबला होता.

मी अधिकाऱ्याला हिंदीत म्हणालो की सही करण्यापूर्वी तक्रारदाराला पुरवणी निवेदन द्यायचे आहे. अटीचा शब्द दुकानाच्या विरुद्ध आहे, हे माझे म्हणणे कायम आहे. परंतु अट घालणाऱ्याने पर्यटकाला फक्त खरेदी करायची असते असे गृहीत धरले, आणि ते गृहीतकच चूक आहे. या स्त्रिया पर्यटक आहेत. त्या ट्रकमधून इथवर येतात आणि तळ्यापेक्षा या वऱ्हांड्यात जास्त वेळ बसतात. तेव्हा दोष दुकानाचा नसून अटीचा आहे, आणि अशी अट लिहिणाऱ्या खात्याची मी तक्रार करतो.

“सर, ये तो आपकी ही शिकायत थी.”

“म्हणूनच ती दुरुस्त करण्याचा अधिकार माझा आहे. लिहा.”

त्याने पेनाचे टोपण काढले. मग त्याने लिहिले: अटीचा फेरविचार व्हावा, तोवर दुकान आहे तसे राहावे. त्याने कागद मिटले, सरदारजीने आणलेले थंड पेय उभ्या उभ्या प्यायले आणि तो निघून गेला. फाइल वर गेली. अर्धवट पडलेल्या फाइलींविरुद्ध मी आयुष्यभर लढलो. या एका फाइलीला मी कधी स्मरणपत्र पाठवले नाही.

परतीच्या वाटेवर उन्हे उतरली होती. मी म्हणालो, “माझी पत्रे तूच टाकत होतीस. त्यांत काय आहे, तुला ठाऊक होतं.”

“तुम्ही मोठ्याने वाचूनच लिहिता.”

“मग एखादं ठेवायचं होतंस.”

“तुमचं पत्र मी कसं ठेवू?”

“आणि ती नोटीस? ती तरी थांबवायचीस. एका मालिकेतल्या बाईसाठी मी दुपारभर खपलो.”

“तुम्ही मराठीत लिहीत होतात,” ती म्हणाली. “तीन वेळा स्वयंपाकघरात आलात मला शब्द विचारायला. कशी थांबवू?”

घरी छत्री बसवून घेऊ, असे मी म्हणालो. ती म्हणाली की बसवा, पण रविवारी मी तिथेच जाईन, त्या पोरी वाट बघतात.

थोड्या वेळाने तिने विचारले, “धाकटीचं आता काय होईल हो?”

“तो नोकर साक्ष देईल का, यावर आहे.”

“द्यायला तयार नाहीये. आज रडला नुसता.”

“रडला म्हणजे फुटणार. पण तिने आधी मनाई हुकूम घ्यायला हवा. घर विकून मोकळा झाला, तर पुढे सगळंच कठीण.”

“मनाई हुकूम म्हणजे? नीट सांगा ना, त्या पोरींनाही सांगते.”

मी अगदी सुरुवातीपासून सांगू लागलो. ती मध्येच अडवत होती, थोरल्याच्या स्वभावाचे दाखले देत होती, मोठ्या जावेच्या गप्प राहण्यावर माझ्याशी वाद घालत होती. आमचे फाटक केव्हा मागे पडले ते कळले नाही. रस्ता संपून मोहरीचे शेत लागले, तेव्हा आम्ही वळलो, आणि मला आठवते, दोघेही मुद्दाम सावकाश चालत होतो.