चर्चेच्या वहीवरच्या पट्ट्या

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली होती. अमडापूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मी शाळेत शिकवत होतो आणि संध्याकाळी वाचनालयाचा चिटणीस म्हणून बसत होतो. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन बाकडी, एक कंदील आणि तीन वर्तमानपत्रे. खोली अध्यक्षांच्या मालकीची होती. अध्यक्ष गावातले मोठे जमीनदार. सगळे त्यांना दादा म्हणत.

वाचनालयात बोलायला बंदी होती. पण वर्तमानपत्र वाचून माणूस गप्प बसत नाही, म्हणून मी एक जाड वही आणली आणि दाराजवळच्या टेबलावर ठेवली. ज्याला जे म्हणायचे त्याने त्यात लिहावे, ज्याला उत्तर द्यायचे त्याने खाली लिहावे. तिचे नाव चर्चेची वही. महिनाभरात ती गावात सर्वांत जास्त वाचली जाणारी गोष्ट झाली. चिखलीची एसटी बाजारात थांबावी की शाळेजवळ, यावर अकरा पाने भरली. एकाने लिहिले, "मागच्या पानावरच्या इसमाले पेरणी कळत नाही आन् सल्ला जगाले देऊन राह्यला." खाली उत्तर आले, "पेरणी कळत नाही, पण तुमच्या वावरातलं तण येथून दिसते."

नियम मीच केले होते. मजकूर शाईनेच लिहावा, पेन्सिलीचा चालणार नाही, म्हणजे मागाहून कोणी कोणाचे लिहिलेले खोडणार नाही. कोणाचे नाव घेऊ नये. जातिधर्म काढू नये. नियम मोडणारा मजकूर फाडायचा नाही, त्यावर कणकेच्या खळीने कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीवर नियमाचा क्रमांक आणि माझी सही. या पद्धतीचा मला अभिमान होता. फाडलेले पान संशय निर्माण करते. पट्टीखाली मजकूर असतो हे सर्वांना दिसते.

सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर रोज सहाच्या सुमारास येई. तो गावच्या बौद्धवाड्यातला. वाड्यातला पहिला मॅट्रिक, अक्षर वळणदार. त्या हिवाळ्यात त्याने वहीत लिहिले की बौद्धवाड्यातून स्मशानाकडे जाणारी वाट बाभळीच्या कुंपणात घेतली गेली आहे. प्रेत आता नाल्यातून न्यावे लागेल. वाचकांनी मत द्यावे.

ज्या वावराला कुंपण घातले ते अध्यक्षांचे होते. नाव त्याने घेतले नव्हते.

दोन दिवसांत तीन उत्तरे आली. दोन गुळमुळीत. तिसरे शेजारच्या वावराच्या म्हाताऱ्या मालकाचे, थरथरत्या अक्षरात, खाली सही. ते महत्त्वाचे होते, कारण वाट होती हे सांगणारा तो वाड्याबाहेरचा एकमेव माणूस होता.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. त्यांनी उभ्यानेच वही वाचली.

"मास्तर, हे काय चालून राह्यलं?"

"दादा, नाव कोणाचंच नाही त्यात."

"नाव नाही, पण वावर कोनाचं हे शेंबड्या पोराले ठाऊक आहे. मंग नाव घेतल्यासारखंच झालं का नाही?"

मी म्हणालो, झाले. त्यांनी खोलीचा उल्लेख केला नाही. करायची गरज नव्हती. मी खळ शिजवली आणि मजकुरावर पट्टी लावली, नियम दोन. खालची उत्तरे प्रश्नावाचून निरर्थक होती, म्हणून त्यांच्यावरही लावल्या. म्हाताऱ्याच्या सहीवरही.

कंपाउंडरने दुसऱ्या दिवशी लिहिले: "मी नियम दोन मोडलेला नाही. पट्टी का लावली याचे उत्तर येथेच मिळावे." हा प्रश्न नियमात बसत होता. म्हणून मी नवा नियम केला: वहीच्या नियमांविषयी वहीत लिहू नये. तो मागील तारखेपासून लागू केला आणि दुसरी पट्टी लावली. नंतर त्याने 'एका गावात' अशी सुरुवात करून तीच गोष्ट लिहिली. तिसरी पट्टी. चौथ्या वेळी फक्त एवढेच लिहिले, "वाट." चौथी.

त्या संध्याकाळी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, येथं बोलाले बंदी, लिहाले बंदी. मंग मी काय खाकरू काय?"

बाकावरून एक जण म्हणाला, "खाकरालेही बंदी आहे बे. पाटीवर लिहेल आहे, वाच."

सगळे हसले. कंपाउंडरही हसला. मी त्याला सांगितले की हा वैयक्तिक प्रश्न नाही, वही टिकायची तर ती भांडणापासून दूर ठेवली पाहिजे.

"वही टिकवा," तो म्हणाला. "माहा बाप बिमार आहे."

उन्हाळ्यात शेजारच्या वावराचा म्हातारा वारला. श्रावणात कंपाउंडरचे वडील वारले. आदल्या दिवसापासून पाऊस होता. नाल्याला छातीभर पाणी होते. चौघांनी तिरडी हात उंच करून धरली आणि पाण्यात उतरले. मध्यावर एकाचा पाय घसरला. प्रेत पडले नाही. त्यावरचे पांढरे कापड निघाले आणि वाहून गेले. पलीकडे पोचल्यावर कंपाउंडरने अंगातला सदरा काढून वडिलांवर घातला. मी हे पाहिले नाही. वर्गातल्या दोन मुलांनी सांगितले.

त्याने तहसीलला अर्ज केला. दिवाळीनंतर नायब तहसीलदार चौकशीला आले. चौकशी वाचनालयातच झाली, कारण गावात खुर्च्या तेथेच होत्या.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "साहेब, तेथं वाट कधी नव्हतीच. असती तर कोनी बोललं नसतं काय? आमच्या गावात ही चर्चेची वही आहे. एसटीच्या थांब्यावर अकरा पानं आहेत, पाहा. वाटेवर एक ओळ दाखवा."

"चार वेळा लिहिलं साहेब," कंपाउंडर म्हणाला. "आन् त्याखाली शेजारच्या बाबांनी सही करून लिहिलं. पट्टी काढा, खालीच आहे. आता तेवढीच साक्ष आहे."

साहेबांनी शिपायाला ओले फडके आणायला सांगितले. पट्टी भिजली आणि सहज निघाली. खाली निळा डाग होता. धुवून जाणारी शाई, ओली खळ, वर पुन्हा पाणी. दुसरी पट्टी काढली, तिसरी काढली. सगळीकडे निळा डाग. म्हाताऱ्याच्या सहीच्या जागी एक उभी रेघ उरली होती, ती कोणत्याही अक्षराची असू शकली असती. पेन्सिलीने लिहिलेले असते तर वाचता आले असते.

कंपाउंडर माझ्याकडे पाहत होता. साहेबांनीही माझ्याकडे पाहिले.

"या पट्ट्यांवर सही तुमची?"

"हो."

"खाली काय होतं?"

मला शब्द न् शब्द पाठ होता. अध्यक्ष खिडकीतून बाहेर पाहत होते.

"नियम मोडला म्हणून पट्टी लावली, एवढी नोंद आहे," मी म्हणालो. "मजकुराची वेगळी नोंद ठेवायची पद्धत नाही."

"आठवतं का, विचारतो आहे."

"खात्रीनं सांगता येणार नाही."

साहेबांनी तसे लिहून घेतले. मी खाली सही केली, शाईने. वहिवाटीचा पुरावा आढळला नाही, असा निकाल आला. कंपाउंडरने बदली मागून घेतली. जाताना त्याने वाचनालयाचे कार्ड माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. पट्टीवर शोभते."

पुढे मी शाळा सोडली आणि वर्तमानपत्रात गेलो. तेथे बरीच वर्षे माझ्याकडे वाचकांच्या पत्रांचे पान होते. काय छापायचे, काय कापायचे, हे मी ठरवत असे. मला त्या कामाचा अनुभव आहे, असे मुलाखतीत मी सांगितले होते आणि ते खरे होते.

ते वावर त्यानंतर दोनदा विकले गेले. वाट नाही. नाल्यावर अजून पूल नाही. म्हाताऱ्याने लिहिलेला मजकूर असा होता: "मी लहानपणापासून पाहतो, ही वाट आहे. माझ्या बापाच्या वेळी तिच्यावरून बैलगाडी जात होती. वाड्यातली प्रेते येथूनच गेली. मी साक्ष देण्यास तयार आहे."

त्यात कोणाचेही नाव नव्हते.