सुदामच्या पानावर

सध्या आमच्या आळीत संध्याकाळी सातला सगळे टीव्हीपुढे बसतात. कारगिलच्या डोंगरांवर तोफा चालू आहेत आणि हेल्मेट घातलेली वार्ताहर मुलं-मुली तिथून बोलतात. मागे धूर दिसतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात पनवेलचे माजी सैनिक जमतात आणि टीव्हीला शिव्या घालतात. "अरे, जागा दाखवू नकोस, तो बघतोय तिकडून!" असं एकजण ओरडतो, बाकीचे माना डोलावतात. माझा मुलगा हरेश त्याच डोंगरांमध्ये कुठेतरी आहे. म्हणून मीही ऐकते, एकही शब्द सुटू देत नाही.

त्या घोळक्यात कमळाकर घरत नसतात. ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. गाव चिरनेर. बायको आणि शेती तिकडे, हे इथे एका खोलीत. सैन्यातून हवालदार म्हणून सुटले आणि पनवेलच्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसू लागले. हरेशला पहाटे धावायला त्यांनीच नेलं, छाती फुगवायला त्यांनीच शिकवलं. त्याचा मला तेव्हा राग यायचा. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, कारण झोप येत नाही आणि डोक्यात दुसरं कोणी येत नाही.

लंकेत आपली शांतिसेना गेली तेव्हा हवालदार तिथे होते. त्यांच्या तुकडीत जासईचा एक मुलगा होता, सुदाम. हवालदार चिरनेरचे, तो जासईचा, म्हणजे एकाच खाडीच्या अंगणातले. सुदाम तिथेच मारला गेला. त्याला घरी आणलं ते हवालदारांनी. शत्रूची गोळी लागली, जागच्या जागी गेला, काही त्रास झाला नाही, असं त्यांनी त्याच्या आईला सांगितलं. आईचं नाव शांती. नवरा आधीच वारलेला, मूल हे एकच.

त्यांच्यात पितृपक्षात पितर जेवायला घालतात. गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या वयाचा किंवा त्याच्या संगतीतला कोणीतरी बसवायचा. पान त्याचं वाढायचं, जेवायचं याने. सुदामच्या पानावर शांतीने हवालदारांना बसवलं. जेवण झालं की ती समोर बसून विचारायची, "सुदाम, पोट भरला का रं?" आणि हवालदारांनी उत्तर द्यायचं, "भरला, आये." तेवढं ऐकलं की ती उठायची आणि वर्षभराच्या कामाला लागायची. शांती पनवेलच्या बाजारात काकड्या, शिराळी, कधी खाडीची कोळंबी घेऊन यायची. पितृपक्ष आला की बँकेच्या दारात टोपली टेकायची आणि म्हणायची, "हवालदार, परवा ये रं जेवायला." बँकेतली माणसं हसायची. हवालदार मात्र उभे राहून हो म्हणायचे.

हे असं काही वर्षं चाललं. मग हेरंब सबनीसची लेखमाला आली.

सबनीस मूळचा पनवेलचाच. मुंबईच्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडून तो एकटाच, कोणाच्या पगारावर नसताना, मासेमारीच्या होडीतून लंकेत गेला होता. तिथल्या बंडखोरांबरोबर राहिला, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आपल्या सैन्याने पकडून परत पाठवला तर पुन्हा गेला. कोणी त्याला धाडसी म्हणायचं, कोणी विकलेला. माजी सैनिकांचं त्याच्याविषयी एकच मत होतं. बळीराम नाईक, ज्यांचं एक पाऊल तिथल्या सुरुंगावर गेलं, ते त्याला 'जावईबापू' म्हणायचे. "तिकडच्यांनी पानात वाढलं, हा जेवून आला. आता ढेकर इथे देतोय."

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला एका साप्ताहिकात त्याचे लेख दर आठवड्याला येऊ लागले. त्यातल्या एका लेखात लिहिलं होतं की जासई गावचा एक जवान शत्रूच्या नव्हे, स्वतःच्याच तुकडीच्या गोळीने मेला. तो सडक सोडून खाडीच्या चिखलातून परतत होता; पहाटेच्या धुक्यात तुकडी घाबरली आणि समोर काय आहे हे न बघता तिने गोळ्या झाडल्या. नाव नव्हतं. पण जासईचा लंकेत गेलेला जवान एकच होता.

तो अंक मीच हवालदारांना दाखवला. जिन्यात उभ्याने वाचला त्यांनी. घडी घालून परत दिला. "घाबरली म्हणे," एवढंच बोलले आणि खोलीत गेले.

त्याच महिन्यात सबनीसचं वाचनालयात व्याख्यान होतं. सगळे माजी सैनिक छातीवर पदकं लावून पुढच्या रांगांत जाऊन बसले. तोंडाला काळं फासायचं ठरलं होतं, असं नंतर कळलं. मी बायकांच्या बाजूला होते. सबनीस किडकिडीत, खादीचा झब्बा, सारखा पाणी पिणारा. बोलायला लागला तसे बळीराम कुबडीवर उठले.

"सबनीस, त्या पहाटे तुम्ही कुठे होता?"

"मी तिथे नव्हतो."

"मग काय शत्रूने कानात सांगितलं?"

हशा झाला. कोणीतरी मागून "जावईबापूंना चहा द्या!" म्हणालं.

सबनीसने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "त्याच तुकडीतल्या दोघांनी सांगितलं. नावं मी देणार नाही. पण त्या तुकडीचे हवालदार या सभागृहात आहेत असं मला कळलंय. मी लिहिलं ते खोटं असेल तर त्यांनी उठून म्हणावं. मी इथेच, सगळ्यांसमोर माफी मागतो."

सगळी पदकं हवालदारांकडे वळली. बळीरामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ, कमळाकर. सांग त्याला."

हवालदार बसून राहिले. मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग बळीरामांनी खांद्यावरचा हात काढून घेतला, हळूच, जसा तापलेल्या तव्यावरून काढतात.

कोणी काळं फासलं नाही. बाहेर पायऱ्यांवर बळीराम त्यांना म्हणाले, "तू खोटं तरी बोलायचं होतंस. आमच्यासाठी." त्यानंतर संघटनेतला एकही माणूस त्यांच्या खोलीवर आला नाही. सबनीसवरचा राग त्यांनी हवालदारांवर काढला, आणि सबनीसवरचाही कमी झाला नाही.

पितृपक्ष लागला. शांती बाजारात आली, बँकेच्या दारात टोपली टेकली. "हवालदार, परवा ये रं जेवायला." नेहमीचाच स्वर. तिच्या कानावर काही गेलंय की नाही, हे तिच्या तोंडावरून कळेना. संध्याकाळी हवालदार वर आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"वहिनी, परवा माझ्याबरोबर जासईला याल?"

"मी कशाला?"

"त्या घरात दुसरी बाई नाही. असावी कोणीतरी."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, दारात उभ्यानेच. सुदामला त्यांनी निरोप देऊन शेजारच्या तुकडीकडे पाठवलं होतं. येताना सडकेनेच ये, असा हुकूम होता. तुकडीच्या बाजूला सडक, समोर खाजण, म्हणजे खाडीचा चिखल. खाजणाच्या पलीकडे शत्रू. तिकडून जो येईल तो त्यांचा. पहाटे धुक्यात खाजणातून पाय ओढत कोणीतरी येताना दिसलं. "मशीनगन माझ्या हातात नव्हती," ते म्हणाले. "पण 'फायर' मी म्हणालो. घाबरून नाही, वहिनी. सबनीसने तेवढं चूक लिहिलं. मी अगदी शांत होतो."

आम्ही एस.टी.ने जासईला गेलो. शांतीचं घर गावाच्या टोकाला, मागे खारफुटी. वाटेत कंटेनरचे ट्रक एकामागे एक उभे होते, बंदर झाल्यापासून तिथे तसंच असतं. ओटीवर सुदामचा गणवेशातला फोटो, त्याला ताजा हार. शांतीने मला पाट दिला, पाणी दिलं, मी कोण हे विचारलंही नाही. केळीच्या पानावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी, अळूवडी वाढली. हवालदार पानावर बसले आणि जेवू लागले. खाली मान घालून, अन्न न चावता गिळत.

पानावर थोडं उरलं होतं तेव्हा ती समोर येऊन बसली.

"सुदाम, पोट भरला का रं?"

हवालदारांचा हात थांबला. मला वाटलं, म्हणतील. दर वर्षी म्हणत आले तेच म्हणतील आणि आम्ही परत पनवेलला जाऊ. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तेच हवं होतं.

ती परत म्हणाली, "पोट भरला का रं?"

"नाय, आये," ते म्हणाले. "मी त्याच्या जागी बसायच्या लायकीचा नाय. त्याला आमचीच गोली लागली. हुकूम माजा व्हता."

शांती म्हणाली, "ठाव हाय मना. गावातल्या पोरांनी वाचून दावला. मना तुज्या तोंडून पायजे व्हता." मग पानाकडे बघत तिने विचारलं, "पानी चढत व्हता का उतरत?"

"उतरत."

"मंग तो सडकेनं कशाला येल? ओहोटीला चिखलातून येनारी आमची मानसं. त्याचा बापूस तसाच यायचा, कमरेला मासळीची डूल बांधून." तिने मान वर केली. "तू चिरनेरचा. तुला ठाव नव्हता?"

हवालदारांनी खीर लागलेला हात पानावरून उचलला. बाहेर एक ट्रक वळत होता, त्याचा भोंगा वाजून थांबला.

"ठाव व्हता, आये. गोली सुटल्यावर आठावला."

"ऊठ," ती म्हणाली.

ते उठले. तिने ते पान, उरलेल्या अन्नासकट, दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या दाराने खारफुटीकडे गेली. मी तिच्यामागे गेले. तिने पान चिखलाच्या कडेला ठेवलं. "आज उपाशी ऱ्हायला तो," ती मला म्हणाली, जणू मी रोज तिच्याकडे येत होते. "इतकी वर्सं पन उपाशीच ऱ्हायला असंल." मी तिचा हात धरायला गेले, तिने धरू दिला नाही.

परतीच्या एस.टी.त हवालदार खिडकीशी बसले होते. बोटांना खीर तशीच लागलेली, वाळलेली. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत, बरं झालं."

"सबनीसने आधी सांगितलं," ते म्हणाले. "त्याला दोष देत नाही. त्याने लिहिलं ते बहुतेक खरं आहे. पण हे सांगायचं काम माझं होतं, वहिनी. मी ते दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललं आणि त्याने ते चार आण्याच्या कागदावर गावभर वाटलं. तिच्या दारात एकदा गेला असता. एकदा बसला असता समोर. बळीराम म्हणतो तो शत्रूचा आहे. तो कोणाचाच नाही. लिहितो आणि दुसऱ्या लढाईला जातो. आम्हाला कुठे जाता येतं?"

त्यानंतर शांतीने त्यांना जेवायला बोलावलं नाही. सुदामच्या पानावर आता त्याच्या चुलतघरातला कोणी बसतो असं ऐकलं. हवालदार त्या जेवणाच्या दिवशी बँकेत डबा नेत नाहीत.

हरेश भरती झाला तेव्हा निघायच्या दिवशी तो त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला कवायत नाही, शौर्य नाही, एवढंच सांगितलं, "जायला जो रस्ता सांगतील, त्याच रस्त्याने परत ये. आपल्या सवयीचा असला तरी दुसरा घेऊ नकोस." हरेश हसला. मी हसले नाही. आज रात्री ते वाक्य मला सोडत नाही. टीव्हीवरच्या पोरींपैकी कोणी उद्या काही सांगेल, की कोणी हवालदार माझ्या दारात येऊन उभा राहील, आणि तो काय सांगेल, हे मी मनात घोळवते आणि थांबते.

गेल्या भाद्रपदातली, पितृपक्षातली गोष्ट. मी भाजी घेऊन बँकेवरून येत होते. शांती टोपली घेऊन तिथून चालली होती. खूप वाकली आहे आता. बँकेच्या दाराशी ती थांबली, टोपली खाली टेकली. हवालदार स्टुलावरून उठून उभे राहिले, बंदूक भिंतीला लावली.

"जेवलास का रं?" तिने विचारलं.

"नाय, आये."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराची चुंबळ नीट केली, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे चालू लागली. हवालदार ती दिसेनाशी होईपर्यंत उभेच होते. मग ते स्टुलावर बसले आणि बंदूक पुन्हा मांडीवर घेतली.