खंडेनवमीचा संगणक

“सर, ज्या पोरीला घरात कुणी रेडिओचा कानसुद्धा पिळू दिला न्हाई, तिला ह्या यंत्राला हात लाव म्हणून कसं सांगायचं?”

सन २००० मध्ये जालन्यात शिक्षकांसाठी संगणकाचा एक वर्ग भरला होता. हा प्रश्न तिथे एका अध्यापिकेने विचारला. प्रस्तुत लेखक त्या वर्गात शिकवीत होता. सरावाने सारे जमते, असे काहीतरी बोलून त्याने विषय पुढे ढकलला. विचारणाऱ्या बाई खाली बसल्या, पण समाधान झाल्याचे त्यांनी दाखवले नाही. त्यांचे नाव सत्यशीला तातेराव मिसाळ. पुढे त्यांच्या गावी वरचेवर जाणे झाले, आणि तिथे जे पाहिले व ऐकले त्यावरून हे लिहीत आहे.

सत्यशीलाबाईंचे वडील तातेराव मेंढरे राखीत. गोदाकाठच्या रानांतून कळप फिरवण्यात त्यांची हयात गेली. मुलीने शिकावे ही त्यांची जिद्द होती, पण मुलीला मेंढरू कातरता येऊ नये हेही त्यांना मान्य नव्हते. कातर हाती देण्याची त्यांची एक रीत होती. कळपातली एखादी मेंढी दगावली, की तिची लोकर ते मुलीकडून कातरून घेत. “हिला आता दुखत न्हाई,” ते म्हणत, “तू हात चालू दे.” जित्या मेंढीपाशी बसण्याची पाळी त्यानंतर येई.

अंबडहून घनसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात, बाई अकरावी-बारावीला गणित शिकवीत. २००१ च्या उन्हाळ्यात तिथे चार संगणक आले. संस्थेचे अध्यक्ष आबाराव यांनी खोलीला पडदे लावले, आत सतरंजी अंथरली आणि दारावर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी रंगवून घेतली. मुली हात धुऊन आत येत, यंत्राला नमस्कार करीत आणि हात मांडीवर ठेवून बसत. मुले निदान एकमेकांना ढकलून पुढे होत. मुलींचे हात मांडीवरून उचलले जात नसत. बेबीनंदा नावाची अकरावीतली मुलगी वर्गात सर्वांत हुशार होती. कळफलकाचे चित्र तिने वहीत बिनचूक काढले होते, पण प्रत्यक्ष कळ दाबायची वेळ आली की ती बाईंकडे पाही.

“दाब की ग.”

“मॅडम, बिघडलं तर?”

“बिघडलं तर बिघडलं.”

“तुमचं काय जातंय मॅडम, घरी बोलणी मला बसतील!”

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण नवरात्र बसले तरी बेबीनंदाचे बोट कळेवर टेकलेले नव्हते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी या भागात नांगर, विळे, तराजू, विहिरीवरची मोटार, ज्यावर पोट चालते ते सारे पुजले जाते. शाळेचे शिपाई कचरूमामा यांनी खोलीची किल्ली घेतली आणि चारही संगणकांना हळदकुंकू वाहिले. विहिरीवरच्या नव्या मोटारीला जो मान देतात, तोच त्यांनी पहिल्या संगणकाला दिला. त्याच्या पेटीवर नारळ फोडला. नारळ भरलेला होता. पाणी वरच्या फटींतून आत उतरले, आणि दसरा झाल्यावर कळ दाबताच पेटीतून फट् असा आवाज आला व जळका वास सुटला.

कचरूमामा दाराबाहेरच उभे राहिले. “मॅडम, म्या वाईट मनानं न्हाई केलं वं.”

“मला ठाऊक हाय मामा. आत या.”

आबाराव मात्र आत येऊन पेटीकडे बघत राहिले. “हत्यार पुजलं की पावतं, असं ऐकून होतो. तुमचं हे हत्यार पुजलं की जळून राह्यलं, मॅडम!” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “राहिलेले तीन जालन्याच्या आपल्या शाळेत धाडू. तिथली पोरं वापरतील तरी. इथं नुसती आरती चालू हाय.”

आरोप खरा होता, म्हणूनच बाईंना तो लागला. यंत्रे गेली असती तर या मुलींना ती पुन्हा दिसली नसती. जालन्याला शिकायला पाठवणारे घर त्यांच्यापैकी एकीचेही नव्हते.

“आबा, सव्वीस जानेवारीपर्यंत थांबा. झेंडावंदनाला गावापुढं माझ्या वर्गातली पोरगी मराठीत मजकूर लिहील अन् छापून दाखवील. मी हात लावणार न्हाई.”

“अन् न्हाई जमलं तर?”

“टेम्पो मी स्वतः बोलावते.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सतरंजी गुंडाळली, पाटी उतरवली आणि जळालेला संगणक खोलीच्या मधोमध ठेवला. बेबीनंदाच्या हाती पेचकस दिला.

“खोल.”

“मॅडम...”

“हे मेलेलं हाय. याला आता दुखत न्हाई. तू हात चालू दे.”

पहिला स्क्रू निघायला बराच वेळ लागला. झाकण उतरले तेव्हा आत हळदीचे पिवळे डाग आणि खोबऱ्याचा एक तुकडा निघाला. मुली हसून लोळल्या. त्यानंतर पेटी रोज उघडली गेली. प्रत्येकीने तारा उपसल्या, पुन्हा बसवल्या, चुकीच्या जागी बसवून पाहिल्या. रॅमची, म्हणजे यंत्राच्या स्मृतीची, पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासायचे आणि कट् असा आवाज येईपर्यंत ती खाचेत दाबायची, हे त्या एकमेकींना शिकवू लागल्या. जे हात आतपर्यंत गेले, त्यांना वरच्या कळांचे भय फार काळ उरले नाही. डिसेंबर सरेपर्यंत चांगल्या यंत्रांवर बसण्यावरून भांडणे सुरू झाली होती. बाईंनी ती मिटवली नाहीत.

सव्वीस जानेवारीला एक संगणक छपाईयंत्रासह मैदानातल्या मांडवात आणला. उचलून आणताना तो पायरीवर आदळला होता. झेंडावंदन झाले, आबाराव खुर्चीवर बसले, बेबीनंदाने कळ दाबली. पडदा काळाच राहिला. पेटी नुसती पी-पी करीत राहिली.

मांडवात कुजबुज झाली. “मॅडम, लावा हात,” आबाराव म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता.

बाईंनी हात पाठीमागे बांधले. “मी हात लावायचा न्हाई ठरलंय, आबा.”

बेबीनंदाने या वेळी त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने वायर उपसली, पेचकस मागितला आणि गावादेखत झाकण उतरवले. बायकांच्या घोळक्यातून तिची आई झुंबरबाई ओरडली, “अगं ए, सरकारी हाय ते!” मुलीने आदळून सैल झालेली रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासली, अंगठ्यांनी दाबून बसवली.

मागे उभ्या कचरूमामांच्या हातात झेंड्यापुढे फोडायचा नारळ होता. ती मान वर न करता म्हणाली, “मामा, तेवढा नारळ लांब धरा.”

मांडव हसला. वायर लागली, पडदा उजळला. ओळ टंकायला तिला पुष्कळ वेळ लागला आणि छापलेल्या कागदावर दोन जोडाक्षरे फुटलेली होती. आबारावांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. त्यावर गावाचे नाव, तारीख आणि ‘हे मी लिहिले’ एवढाच मजकूर होता.

“दोन चुका हाईत,” ते म्हणाले.

“उद्या काढती, आबा,” बेबीनंदा म्हणाली.

“उद्या म्हंजे यंत्र इथंच लागंल.” त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “राहू द्या मंग.”

जून २००६ मध्ये त्या महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान हा विषय बारावीच्या परीक्षेसाठी सुरू झाला.