आर्डिसने लावलेला पियानो

आर्डिस लिंडक्विस्टने अडतीस वर्षं अमेरिकेतल्या डुलुथ शहरात चर्चचे, शाळांचे आणि हौशी मास्तरणींचे पियानो सुरात लावले. बिघडलेला सूर कानावर पडला की तिचे हात आपोआप हत्यारांच्या पिशवीकडे जायचे. मावसबहिणीच्या लग्नात नवरी दारात येऊन उभी राहिली, तरी ही बाई पियानोचं झाकण उघडून आत वाकलेलीच होती. लोक हसले, तिला त्याचं काही नव्हतं.

नवरा वेंडेल, बंदरातल्या खनिजाच्या धक्क्यावरचा फिटर. निवृत्त झाला आणि त्याला खूळ लागलं. सप्तकाचे बारा नाही, एकतीस सारखे भाग करायचे. पण पियानोच्या सप्तकात पट्ट्या बाराच, म्हणून त्या एकतिसांतले बारा सूर निवडायचे. कोणते बारा, यावर त्याने चार वह्या भरल्या. एक मांडणी खोडायची, दुसरी करायची. हे सगळं गॅरेजमध्ये, एका जुन्या इलेक्ट्रिक कीबोर्डवर.

"एकोणीस पाहुणे दाराबाहेर उभे करून बारांची पंगत वाढतोयस," ती चिडवायची.

"तुझ्या पंगतीतले बारा तरी पोटभर जेवतात का? सगळे अर्धपोटी!"

"माझ्या पियानोला हात लावून बघ, मग दाखवते." दिवाणखान्यातला पियानो तिच्या वडिलांचा होता.

जानेवारीत ती दहा दिवस फार्गोला बहिणीकडे गेली. परत आली त्याच संध्याकाळी, तिचा कोटही अंगावरून उतरला नव्हता, वेंडेल स्वयंपाकघरात कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तो हॉस्पिटलात असताना एका दुपारी आर्डिसने घरी सहज एक सूर छेडला, मग दुसरा. पियानो उतरला होता. थंडीने, घर तापवणारी भट्टी बंद राहिली असेल, असं तिने ठरवून टाकलं. सी आणि ई या दोन पट्ट्या एकत्र वाजवल्या तेव्हा मात्र त्यांच्यात जराही थरथर नव्हती. रोजच्या लावणीत तशी शांतता कधी मिळत नाही. तिच्या कानाला ते कळलं होतं. पण हात थांबले नाहीत. नवरा मरणाच्या दारात असताना बाईच्या हातांना काहीतरी काम हवं असतं. तिने दिवसभरात सगळा पियानो नेहमीच्या सुरात लावला आणि वेंडेल घरी येऊन खूश होईल, असंही तिच्या मनात आलं.

तो आला. चाकाच्या खुर्चीतून डाव्या हाताने त्याने तेच दोन सूर वाजवले, ऐकले, आणि तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर त्याने अन्नाला तोंड उघडलं नाही.

पियानोच्या स्टुलाच्या आत तिला त्याची चिठ्ठी सापडली: "आर्डिस, हे बारा तुझ्यासाठी. या वेळी वहीत लिहिले नाहीत, नुसत्या कानाने लावलेत. सांग बघू कोणते ते."

तिने सेंट पॉलला ग्लेन ओस्टबीला फोन लावला. तो वेंडेलसारखाच एकतीसवाला.

"एकतिसांतून बारा? चौदा कोटींच्या वर मांडण्या होतात, आर्डिस."

"मला आकडा नकोय. वेंडेलने कोणते घेतले असते?"

"त्याचं सांगता येतं होय? तो स्वतःचंच खोडणारा माणूस. त्यालाच विचार ना."

"बोलता आलं असतं तर तुला कशाला फोन केला असता, शहाण्या?" तिने फोन आपटला आणि मग ओट्याला धरून रडली.

डॉक्टरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर जेवला नाही तर पोटात नळी, आणि मुक्काम शुश्रूषागृहात. रविवारी दुपारी ती वेंडेलला पियानोपाशी घेऊन बसली. सी तिने मूळ सूर धरला, ई लावला, तीच शांतता परत आली. मग तिसरी पट्टी.

"हा?"

त्याने मान हलवली. हो.

चौथी, हो. पाचवी, हो. तिला हुरूप आला, हात भराभर चालू लागले. दहाव्या पट्टीवर तिला शंका आली. तिने खुंटी मुद्दाम ढिली केली. रडका, भेसूर सूर, कुणाच्याही मांडणीत न बसणारा.

"हा?"

हो.

"खोटारड्या!" ती ओरडली. "माझी समजूत घालतोयस? मी तुझं सगळं पुसून टाकलं रे, आणि तू मला हो म्हणतोयस!" तिने खुंट्या पिळायची चावी गालिच्यावर फेकली आणि झाकण खाड्कन बंद केलं. आता काही उरलं नाही, असं तिला वाटलं. उद्या सोमवार. बाजूला जंगली तांदळाचं सूप गार होत होतं.

वेंडेलने डाव्या हाताने झाकण उचलू पाहिलं. जमेना. पुन्हा जोर लावला, उचललं. मग त्याने सी आणि त्याच्या वरची दुसरी काळी पट्टी एकत्र दाबली. पुन्हा दाबली. तोंड वाकडं करून, कडू औषध घेतल्यासारखं, दाबतच राहिला.

आर्डिसने चावी उचलली. त्या पट्टीचा सूर एकतिसांतली एक पायरी वर नेला. तो दाबतोच आहे, अधिक जोराने, रागाने. मग खाली आणला, आधी होता तिथे. दाबतोच आहे. अजून एक पायरी खाली.

हात थांबला. बोटं पट्ट्यांवरच राहिली आणि दोन्ही सूर आपोआप विरेपर्यंत त्याने ती उचलली नाहीत. असा काळोखा, गोड सूर तिने अडतीस वर्षांत कधी लावला नव्हता.

त्याची मान खोटं बोलत होती, हात नाही. सी आणि ई नंतरचा तिसरा खरा सूर मिळाला होता. त्याचं बोट सरकून पुढच्या पट्टीवर गेलं आणि पुन्हा रागाने आपटू लागलं.

आर्डिसने ते बोट धरलं. दुसऱ्या हाताने सुपाचा चमचा पुढे केला.

"एका पट्टीला दोन चमचे. नाहीतर मी चावी उचलत नाही."

वेंडेलने तिच्याकडे जळजळीत पाहिलं आणि तोंड उघडलं.